एक फोन, अर्धा तास: घरी शिकवणारे मोफत खेळ आणि संकेतस्थळे

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत हिरव्या मिरचीचा हंगाम सुरू झाला की घरातली मोठी माणसे सकाळीच तोडणीला लागतात, मग माल बाजारात न्यायची घाई असते. घरातला स्मार्टफोन त्यांच्याच खिशात फिरतो, कारण भाव, गाडी, मजूर सगळे त्यावरच ठरते. लेकराच्या हाती तो पडतो रात्री, जेवणाच्या आगेमागे अर्धा तास. तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला असतो आणि रेंज ओसरीवर मिळते, आतल्या खोलीत मिळत नाही. मुलांसाठीच्या शैक्षणिक खेळांच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने आहेत, पण त्यातल्या बहुतेक घरी वायफाय आणि मुलाला वेगळा टॅब आहे असे धरून केलेल्या असतात. हा लेख घरात एकच फोन आणि हाताशी अर्धाच तास आहे असे धरून लिहिला आहे.

फोन घरात आहे की नाही, हा प्रश्न आता मागे पडला. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत 2024 साली ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे 90 टक्के जणांच्या घरी स्मार्टफोन होता आणि 82 टक्क्यांहून अधिक जणांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी 57 टक्के जणांनी आदल्या आठवड्यात फोनवर शिक्षणाशी संबंधित काही केले होते. समाजमाध्यमांवर गेलेले होते 76 टक्के. फोन मुलांना शिकवावा लागत नाही. त्यात शिकण्यासारखे काय आहे, ते मात्र दाखवावे लागते.

कोणताही खेळ किंवा संकेतस्थळ निवडताना तीन प्रश्न विचारा. एकदा उतरवून घेतले की ते नेटशिवाय चालते का? त्यात जाहिराती, ‘कॉइन’ची खरेदी, अनोळखी माणसांशी गप्पा असले काही नाही ना? आणि फोन खाली ठेवल्यावर लेकराकडे सांगण्यासारखे किंवा करून पाहण्यासारखे काही उरते का? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. खेळ संपल्यावर मूल नुसते ‘अजून पाच मिनिटे’ म्हणत असेल तर तो खेळ बदला. ‘हे बघ, असे का होते?’ म्हणत असेल तर तो ठेवा.

आधी फोन तयार करा

ही कामे मोठ्या माणसाने करायची, तीही डेटा शिल्लक असताना. सकाळी उठल्यावर किंवा रविवारी, जिथे चांगली रेंज येते तिथे बसून आठवड्याचे सगळे एकदम उतरवून ठेवा. रात्री लेकराच्या हाती फोन देताना मोबाइल डेटा बंद करा. नेट नसले की जाहिरात येत नाही, मध्येच भलताच व्हिडिओ उघडत नाही, आणि व्यापाऱ्याचा फोन यायचा असेल तर तोही येतो.

पैशांच्या अ‍ॅपना वेगळे कुलूप लावा. यूपीआयचा पिन मुलांसमोर टाकू नका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ आणि खरेदीसाठी पासवर्ड, हे दोन्ही चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये एकच अ‍ॅप पडद्यावर अडकवून ठेवायची सोय असते. ती सुरू केली की मूल त्या अ‍ॅपच्या बाहेर जात नाही. कुठे खाते उघडायची वेळ आली तर ते पालकाच्या ईमेलने उघडा. मुलाचे पूर्ण नाव, शाळा, फोटो देऊ नका. इंग्रजी नावाचे स्पेलिंग अडले तर शोधपट्टीतले माइकचे बटण दाबून नाव बोला, सापडते.

सुरुवात दप्तरातूनच

सगळ्यात जवळचे मोफत साधन बालभारतीच्या पुस्तकावरच छापलेले आहे: तो काळा-पांढरा क्यूआर कोड. या कल्पनेचे मूळ महाराष्ट्रातल्याच एका जिल्हा परिषद शाळेत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याने ते सगळ्या पुस्तकांसाठी स्वीकारले, आणि डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली.

हा कोड वाचण्यासाठी ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचे अ‍ॅप घ्या. ते 2017 पासून सुरू आहे आणि पूर्ण मोफत आहे. पहिल्यांदा उघडल्यावर मंडळ महाराष्ट्र, माध्यम मराठी आणि इयत्ता निवडा. लॉगिन न करताही काम चालते. मग पाठावरचा कोड स्कॅन करा. कॅमेरा साथ देत नसेल तर कोडखाली छापलेली सहा अक्षरे टाइप केली तरी चालते. त्या पाठाचे व्हिडिओ आणि सराव प्रश्न समोर येतात; हवे ते अ‍ॅपमध्येच उतरवून ठेवता येतात. दीक्षावरचे सगळेच साहित्य चांगले आहे असे नाही. काही व्हिडिओ नुसती फळ्यावरची व्याख्याने आहेत. आधी स्वतः दोन मिनिटे पाहा आणि मगच उतरवा.

पुस्तक फाटले असेल किंवा मामाच्या गावी राहिले असेल, तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. पहिलीचा अभ्यासक्रम 2025-26 पासून बदलला आहे आणि पुढच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. थोरल्या भावाचे जुने पुस्तक धाकट्याला लागू पडेलच असे नाही, म्हणून पीडीएफ घेताना वर्ष पाहा.

पहिली ते तिसरी: मोठ्याने वाचणे

या वयात एकच गोष्ट पक्की व्हायला हवी: न अडखळता वाचणे आणि वाचलेले कळणे. त्यासाठी गूगलचे ‘रीड अलाँग’ अ‍ॅप उपयोगी आहे. हे 2019 साली ‘बोलो’ नावाने भारतातच सुरू झाले आणि आता त्यात मराठीही आहे. पडद्यावर गोष्ट येते, मूल मोठ्याने वाचते, ‘दीया’ नावाची मुलगी ऐकते, शब्द अडला तर म्हणून दाखवते आणि बरोबर आला तर चांदण्या देते. गोष्टी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही, जाहिराती नाहीत. घरी कोणाला वाचता येत नसेल तरी मुलाचे वाचन ऐकायला कोणीतरी आहे, हा या अ‍ॅपचा मोठा फायदा. चारचौघांत वाचायला लाजणारी मुलेही फोनपुढे घडाघडा वाचतात.

गोष्टींचा साठा हवा असेल तर प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीवर’. 2015 च्या जागतिक साक्षरता दिनी, म्हणजे 8 सप्टेंबरला सुरू झालेल्या या संकेतस्थळावर चित्रांची पुस्तके खुल्या परवान्याखाली आहेत. वाचा, छापा, वाटा, कोणी पैसे मागत नाही. पुस्तकांना एक ते चार अशा पायऱ्या दिलेल्या आहेत. मूल तिसरीत आहे म्हणून तिसरी पायरी घेऊ नका. पहिल्या पायरीपासून सुरू करा आणि जिथे एका पानावर तीन-चार शब्द अडू लागतील तिथे थांबा. तीच त्याची पायरी. तीच गोष्ट पुष्कळदा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असते. आधी मराठी वाचून घेतले की इंग्रजी वाचताना अर्थ ठाऊक असतो आणि मूल फक्त नव्या शब्दांशी झुंजते. इंग्रजीची भीती घालवायला याहून स्वस्त शिकवणी नाही.

कोरोनाकाळात शाळा बंद असताना राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांच्याबरोबर ‘गोष्टींचा शनिवार’ चालवला होता. दर शनिवारी एक गोष्ट मुलांच्या फोनवर पोहोचायची. हा नेम घरी पुढे चालवायला कोणाची परवानगी लागत नाही. शनिवारी रात्री लेकराने एक गोष्ट आजीला वाचून दाखवायची आणि आजीने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. आजीने मुद्दाम काही चुकवले की मूल लगेच दुरुस्त करते. गोष्ट कळली की नाही, याची यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

वाचनाला सरावलेल्या मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. 1971 पासूनचे त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. आजोबांनी शाळेत असताना वाचलेला अंक नातवाला फोनवर दाखवता येतो.

चौथी ते सहावी: गणिताची गाठ

गणितात मुले बहुधा अपूर्णांकापाशी अडतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प अशा ठिकाणी कामाला येतो. नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये तो सुरू केला. त्यात गणित आणि विज्ञानाचे खेळासारखे प्रयोग आहेत, बरेचसे मराठीत भाषांतरित केलेले आहेत, आणि ते फाइल म्हणून उतरवून ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडता येतात. ‘फ्रॅक्शन्स’ हा शब्द शोधा. एका वर्तुळाचे मूल वाटेल तितके भाग करते, त्यातले काही रंगवते, आणि शेजारी अपूर्णांक आपोआप बदलताना पाहते. दोन अष्टमांश आणि एक चतुर्थांश सारखाच भाग व्यापतात हे त्याला सांगावे लागत नाही, ते डोळ्यांना दिसते. खेळून झाल्यावर तव्यावरच्या भाकरीचे चार, मग आठ वाटे करायला लावा.

पायरीपायरीने सराव हवा असेल तर ‘खान अकॅडमी’ पाहा. ही ना-नफा संस्था आहे आणि तिचे गणित मराठीतूनही मिळते. उत्तर चुकले की ती ओरडत नाही, एकेक सूचना देते. सातवीतल्या मुलाला पाचवीचे धडे उघडायला लाजू देऊ नका. पाया कुठे कच्चा आहे ते शोधण्यासाठीच ते आहेत.

धाकट्यांसाठी ‘जीकाँप्री’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा संच आहे: मोजणी, घड्याळ, आकार, रंग, स्मरण असे शंभराहून अधिक छोटे खेळ, जाहिरात नाही, नेट नाही. भाषेपेक्षा चित्रांवर भर असल्याने बालवाडीतले मूलही सरावते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला लक्षात ठेवा: तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, आणि जितका कमी तितका चांगला. दोन वर्षांखालच्या लेकराच्या हातात फोन द्यायचाच नाही.

फोनवरचे गणित घरच्या हिशेबाला भिडले की पक्के होते. मिरचीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, घरी आली की ती मुलापुढे ठेवा. समजा 340 किलो माल, क्विंटलला 4,000 रुपये भाव, आठ पोती आणि पोत्यामागे दहा रुपये हमाली. 340 किलो म्हणजे किती क्विंटल? 3.4. त्याचे 13,600 रुपये, हमाली 80, हातात आले 13,520. दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, हा प्रश्न मग पडत नाही. पुढचा प्रश्न मुलालाच विचारा: भाव क्विंटलमागे दोनशेने पडला असता तर नुकसान किती झाले असते? त्याने कागदावर काढलेले उत्तर तुम्ही फोनच्या कॅल्क्युलेटरवर तपासा.

सातवीपासून पुढे: विज्ञान हाताने

फेटमधला विद्युत परिपथाचा प्रयोग एकदा मुलाबरोबर बसून पाहाच. ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट’ या नावाने तो सापडतो. डावीकडून वायर, सेल आणि दिवा ओढून मध्ये आणायचे आणि टोकांना टोके जोडायची. वेढा पूर्ण झाला की वायरमधून छोटे निळे ठिपके सरकू लागतात आणि दिवा पेटतो. कुठेही एक टोक सुटले की सगळे ठिपके जागच्या जागी थांबतात. दुसरा सेल जोडला की ठिपके पळू लागतात, उजेड वाढतो. नाणे, कागदाला लावायची पिन, खोडरबर मध्ये घालून कोणातून वीज जाते ते पाहता येते. आणि दिवा न जोडता सेलची दोन टोके नुसत्या वायरने जोडली की पडद्यावर सेल पेट घेतो. ‘शॉर्ट झाले’ हे शब्द मुलाने मोटारीच्या पेटीपाशी शंभरदा ऐकलेले असतात. ते का होते, हे त्याला इथे, काही न जळता, दिसते.

दुसऱ्या दिवशी टॉर्चचा सेल, टॉर्चचाच छोटा बल्ब आणि वायरचा तुकडा घेऊन तोच प्रयोग हाताने करा. फक्त टॉर्चचाच सेल, हे बजावून सांगा. भिंतीवरचा बोर्ड, मोटारीचा स्टार्टर किंवा गाडीची बॅटरी हे प्रयोगाचे सामान नव्हे.

हाताने करण्याच्या गोष्टींचा खजिना अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर आहे. आयआयटी कानपूरमधून शिकलेल्या आणि पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या या खेळणीवाल्याला 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी कशी करायची याचे व्हिडिओ आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके तिथे विनामूल्य आहेत. त्यातला सगळ्यात साधा खेळ: काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. तीन काड्या जोडून त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, दाबा, लगेच कलंडतो. चौकोनात एक आडवी काडी घातली की तोही घट्ट होतो. मग मुलाला घेऊन पत्र्याच्या शेडखाली उभे राहा आणि वरची कैची दाखवा. तिच्यात त्रिकोणच त्रिकोण का आहेत, ते तोच सांगेल.

बुद्धिबळ आणि स्क्रॅच

दोन भावंडांत एकच फोन असेल तर बुद्धिबळासारखा खेळ नाही. ‘लिचेस’ हे संकेतस्थळ आणि अ‍ॅप पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, नियम शिकवणारे धडे आहेत, नेट नसताना संगणकाशी खेळता येते. सेटिंगमध्ये ‘किड मोड’ चालू केला की अनोळखी खेळाडूंचे संदेश बंद होतात; तो चालू केल्याशिवाय मुलांना देऊ नका. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला विश्वचषक जिंकला, हे मुलींना आवर्जून सांगा.

शाळेत किंवा ओळखीच्या घरी संगणक असेल तर ‘स्क्रॅच’ बसवून घ्या. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 मध्ये आणलेल्या या मोफत साधनात मुले ठोकळे जोडून स्वतःचा खेळ बनवतात. दुसऱ्याने केलेला खेळ खेळणे आणि आपला खेळ करून मित्राला खेळायला देणे, यांत फार अंतर आहे. तंत्रस्नेही शिक्षक असतील तर त्यांना शनिवारच्या एका तासासाठी हे सुचवा.

आठवड्याची आखणी

सगळे एकदम सुरू करू नका. ही एक साधी मांडणी. आपल्या घराप्रमाणे बदला.

- रविवार: मोठ्यांनी आठवड्याचे साहित्य उतरवायचे, जुने पुसायचे.
- सोमवार: शाळेत चालू असलेल्या पाठाचा क्यूआर कोड.
- मंगळवार: रीड अलाँग किंवा स्टोरीवीवरची एक गोष्ट, मोठ्याने.
- बुधवार: गणित, एकच घटक.
- गुरुवार: फोन नाही. पट्टीचा हिशेब, काड्यांचे आकार किंवा सेलचा प्रयोग.
- शुक्रवार: फेटचा एक प्रयोग किंवा बुद्धिबळाचा एक डाव.
- शनिवार: आजीला गोष्ट.

घरात तीन मुले असतील तर प्रत्येकाला दहा मिनिटे देऊन भांडणे लावू नका. मोठ्याने धाकट्याला शिकवायचे, हा नियम करा. शिकवणाराच जास्त शिकतो.

‘फ्री’ लिहिलेले सगळे फुकट नसते

वर सांगितलेल्या साधनांच्या नावाने मिळतीजुळती खोटी अ‍ॅप असतात. उतरवण्याआधी बनवणाऱ्याचे नाव वाचा. गणिताचा खेळ संपर्क यादी, एसएमएस किंवा लोकेशनची परवानगी मागत असेल तर तो काढून टाका. ज्यात दर दोन मिनिटांनी जाहिरात येते, जो ‘चाक फिरवा, बक्षीस मिळवा’ म्हणतो किंवा पुढच्या पातळीसाठी पैसे मागतो, तो खेळ शिकवण्यासाठी नसून गिऱ्हाईक करण्यासाठी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी घातली आहे. थोरल्या मुलांना हे स्पष्ट सांगा. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवा, वेळ दवडू नका. मुलाला कोणी ऑनलाइन त्रास देत असेल तर 1098 ही चाइल्डलाइन आहे. आणि अशी गोष्ट मुलाने सांगितली तर आधी त्याच्यावर ओरडू नका. ओरडा मिळाला की पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

‘आम्हीच फारसे शिकलो नाही, आम्ही काय शिकवणार?’ असे पुष्कळ पालक म्हणतात. या साधनांसाठी पालकाने शिक्षक व्हायची गरज नाही. शेजारी बसा आणि म्हणा, ‘मला दाखव, कसे करतात.’ समजावून सांगताना मूल जिथे अडेल तिथेच त्याचे कच्चे आहे. तेवढे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना विचारायला सांगा. या रविवारी दोनच गोष्टी उतरवा, एक वाचनाची आणि एक गणिताची. पंधरा दिवस त्याच चालवा. त्यातली जी मूल स्वतःहून मागेल ती ठेवा, दुसरी बदला.